सुगडांचं वाण आणि शाळा समितीतली जागा

देवाची उपकरणी चिंचेच्या कोळात भिजत होती. ताम्हन, पळी आणि पंचपात्री घासून झाली होती आणि मोरीच्या कडेला पालथी निथळत होती. समई मात्र अर्धीच झाली होती. वरचा मोर उजळला होता आणि खालची बैठक अजून काळी होती. वृंदाबाई राखेचा बोळा घेऊन बैठकीला हात घालणार, तोच अंगणात कोणी खाकरलं.

पालेगावचे बुधाजी आले होते. शेतकरी माणूस, मुरबाड रस्त्याच्या बाजूला भाताची दोन खाचरं, आणि शाळा समितीवर वृंदाबाईंच्या बरोबरीचे सभासद. एरवी आले की आधी तुळशीपाशी हात जोडत, मग ओटीवर बसत. आज त्यांनी हातही जोडले नाहीत. काखेतलं फडकं सोडून त्यांनी एक सुगड काढलं आणि ओटीवर ठेवलं. त्याच्या शेजारी लाल छपाईचा एक कागद पसरला.

"वयनी, हे बगा आनि हे बगा," एवढंच ते म्हणाले.

सुगड वृंदाबाईंनीच दिलेलं होतं. शुक्रवारी शाळेच्या पडवीत त्यांनी मुलांच्या आयांचं हळदीकुंकू केलं होतं. संक्रांतीचं सुगड असतं तसंच हे होतं, आत हरभरे, बोरं, उसाचं पेर, तिळगूळ. पांढऱ्या रंगावर दोन तांबडे पट्टे आणि मधोमध एक ठिपका. कागदावर घड्याचं चित्र होतं. घड्यावर दोन पट्टे आणि मधोमध ठिपका. खाली नाव होतं, श्यामकांत. पंचायतीच्या निवडणुकीतले उमेदवार, निशाणी घडा.

श्यामकांत म्हणजे वृंदाबाईंचे सख्खे धाकटे दीर.

वृंदाबाई हात पुसायच्या विसरल्या. राखेचे हात तसेच पदराला लागले.

लग्न होऊन त्या अंबरनाथला आल्या ती सत्तेचाळीसची अखेर होती. माहेर पेणकडचं. यजमान दिनानाथ कारखान्यात नकाशे काढायच्या कामावर होते. स्टेशनच्या पूर्वेला तेव्हा घरं मोजकीच, मधे माळ आणि पलीकडे भाताची शेतं. वृंदाबाईंचा दिवस देवपूजेने सुरू व्हायचा, सोमवारी उपास करून त्या शिवमंदिरात जायच्या आणि तिथे पायऱ्यांवर बसून बायकांना पोथी वाचून दाखवायच्या. इंग्रजी चार यत्ता झाल्या होत्या, अक्षर सुरेख होतं. त्याच जोरावर शाळा समितीत एक जागा बाईची असावी असं ठरलं तेव्हा त्यांचं नाव पुढे आलं. दिनानाथांनी विचारलं, जमेल का. त्या म्हणाल्या, महिन्यातून एकदा पोथीऐवजी ठराव ऐकायचे, त्यात न जमण्यासारखं काय आहे.

पण जमवण्यासारखं एक काम त्यांना तिथे लगेच दिसलं. तिसरीपर्यंत वर्गात दहाबारा मुली असत, चौथीत एखाददुसरी. कारण कोणी बोलत नसे. शाळेत मुलींसाठी आडोसा नव्हता. मुलगे माळावर जात, मुली दिवसभर पाणी न पिता बसत, आणि जरा मोठ्या झाल्या की आया त्यांना घरी ठेवून घेत. वृंदाबाईंनी दोन वर्षं तेच लावून धरलं होतं, की शाळेच्या मागे विटांचा आडोसा बांधा, वर पत्रा, शेजारी पाण्याचा रांजण. यंदा बांधकामाला मंजुरी आली, पण एकाच कामाची. समितीत पाच जण. वृंदाबाई, बुधाजी आणि रेल्वेतले एक भंडारी आडोशाच्या बाजूचे. अध्यक्ष चिंतामणराव आणि लाकडाच्या वखारीचे मालक म्हणत होते, आधी शाळेला कुंपण घालू, गुरं आत येतात. पुढच्या सोमवारी मतं पडायची होती. वृंदाबाई नसल्या तर मतं दोन-दोन, आणि बरोबरी झाली की अध्यक्षांच्या मताने निकाल लागणार. म्हणजे कुंपण.

बुधाजींनी हे सगळं पुन्हा सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले की तक्रार पालेगावच्या हिंदुरावने केली आहे. हिंदुराव समोरच्या उमेदवाराचा, धर्मराज पाटलांचा माणूस. त्याची बायको गोजरबाई हळदीकुंकवाला आली होती, सुगड घेऊन घरी गेली, आणि याने ते तुळशीपुढे पाहिलं. शाळा समितीची बाई शाळेतच दिराचा प्रचार करते, असं तो अध्यक्षांना सांगून आला होता.

"मी प्रचार केला नाही हो, बुधाजी."

"मना ठाव हाय. पन घडा तर वाटलाव ना."

वृंदाबाईंनी सुगड उचलून पट्ट्यांवरून बोट फिरवलं.

खरं सांगायचं तर त्यांना शुक्रवारीच जरा वेगळं वाटलं होतं. दरवर्षी त्या स्वतः पालेगावच्या कुंभाराकडे जात. यंदा श्यामकांत आपण होऊन म्हणाले, वहिनी, ऊन फार आहे, सुगडं मी आणतो. ज्या दिराने कधी बाजारातून कोथिंबिरीची जुडी आणली नव्हती, त्याने टोपली डोक्यावर घेतलेल्या गड्यासकट दारात यावं याचं त्यांना कौतुक वाटलं. पट्टेही छान दिसले. निशाण्या त्याच आठवड्यात वाटल्या गेल्या होत्या हे त्यांच्या कानावर होतं, पण घडा ही निशाणी आणि सुगड हे वाण यांची सांगड मनात बसली नाही. त्यांच्या दृष्टीने ते संक्रांतीचं सुगड होतं. जन्मभर पाहिलेल्या वस्तूकडे कोण निरखून बघतं?

बुधाजी गेल्यावर त्या समईपाशी परत आल्या नाहीत. पदर खोवून सरळ दोन घरं टाकून पलीकडे दिराकडे गेल्या.

श्यामकांत ओटीवर कागदांचे गठ्ठे बांधत होते. निर्वासितांच्या कॅम्पातल्या एका सिंधी छापखान्यातून ते गठ्ठे आले होते आणि शाई अजून हाताला लागत होती. वहिनींचं ऐकून ते हसले. म्हणाले, नाव घेतलं का तुम्ही माझं? मत द्या म्हणालात का? नाही ना. मग प्रचार कसला? सुगड तर सगळा गाव वाटतो, सगळा गाव माझा प्रचारक झाला म्हणायचा. जाऊबाई सुहासिनी दारात उभ्या होत्या, त्याही हसल्या.

"भावजी, पट्टे तुम्ही काढायला सांगितलेत का?"

श्यामकांतांनी गठ्ठ्याची गाठ आवळली. "कुंभाराने काढले. विचारलंच कुणी, तर तसंच सांगा."

वृंदाबाई आल्या तशा घरी गेल्या. रात्री जेवताना दिनानाथांनीही तेच सुचवलं. भावाची बाजू घेत होते असं नाही, पण भानगड मिटावी असं त्यांना वाटत होतं. वृंदाबाई म्हणाल्या, कुंभाराच्या दोन मुली शाळेत आहेत आणि त्याने सांगितलं तेवढंच रंगवलं. त्याच्यावर आळ घालायचा तर मी उद्या देवापुढे दिवा कशी लावू. भाताची ताटली दिनानाथांनी स्वतःच उचलून मोरीत ठेवली, एरवी ते असं करत नसत.

दुसऱ्या दिवशी त्या चिंतामणरावांकडे गेल्या. चिंतामणराव म्हणजे कल्याणला वकिलाकडे कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस. सगळे त्यांना अण्णा म्हणत. समितीच्या नियमांची छापील पुस्तिका त्यांच्या देवघरातल्या फळीवर असे, आणि ती ते पोथीसारखीच दोन्ही हातांनी काढत. कुंपणाच्या बाजूचे होते, पण लबाड नव्हते. मागच्या महिन्यात श्यामकांत उभे राहिले तेव्हा वृंदाबाईंनीच येऊन विचारलं होतं, दीर उभे आहेत, मी समितीतून उठू का. अण्णांनी नियम वाचून सांगितलं होतं की नात्याला बंदी नाही. सभासदाला स्वतः उभं राहायचं असेल तर आधी राजीनामा, आणि सभासद असेपर्यंत कोणाचाही प्रचार करायचा नाही. शाळेच्या आवारात तर मुळीच नाही.

आज त्यांनी पुस्तिका काढलीच नाही. म्हणाले, मला पाठ आहे आणि तुम्हालाही.

"मी जाणूनबुजून केलं नाही, अण्णा."

"ते मी मान्य करतो. पण जाणूनबुजून की नकळत, असं नियमात लिहिलेलं नाही. शाळेच्या पडवीत झालं, सभासदाच्या हातून झालं." मग ते म्हणाले, "एक करा. सगळ्यांकडून परत गोळा करा ती सुगडं. मी तक्रारीवर तसा शेरा मारतो आणि प्रकरण बंद करतो."

वृंदाबाईंनी नकारार्थी मान हलवली. "वाण परत घेत नाहीत, अण्णा. कुंकू लावून सवाष्णीच्या ओंजळीत दिलेलं मागायचं म्हणजे तिचं सौभाग्य मागितल्यासारखं. मला फासावर द्या, पण ते नाही व्हायचं."

चिंतामणराव स्वतः सोवळ्याओवळ्याचे. त्यांना हे पटलं. आतून त्यांच्या घरच्यांनी चहा आणून ठेवला, तो दोघांनीही तसाच राहू दिला. मग अण्णांनी हळूहळू उलगडून सांगितलं. तक्रार वर कल्याणला गेली आणि वरून काढून टाकण्याचा हुकूम आला, तर जागा वर्षभर रिकामी राहील. पण सभासदाने आपण होऊन राजीनामा दिला, तर त्याच सभेत जागा भरता येते. बाईची जागा असल्याने बाईच हवी. पंचवीस वर्षांवरची, लिहितावाचता येणारी, शाळेच्या हद्दीत राहणारी. तिने किंवा तिच्या नवऱ्याने शाळेकडून पगार घेतलेला नको, शाळेला माल विकलेला नको.

"तुम्हाला हे सांगायला मी बांधलेला नाही," अण्णा म्हणाले. "कुंपण मला हवंच आहे. पण असं नको."

वृंदाबाईंनी त्यांच्याच घरी बसून राजीनामा लिहिला. शाळेच्या पडवीत माझ्या हातून प्रचार झाला, सुगडं मी न पाहता घेतली, असं त्यात स्पष्ट लिहिलं. सुगडं कोणी आणली, असं अण्णांनी विचारलं. त्या म्हणाल्या, माझ्या घरातून आली. त्यापुढे अण्णांनीही खोदलं नाही.

मग सुरू झाली बाईची शोधाशोध. पहिल्यांदा डोळ्यांपुढे आल्या हेडमास्तरांच्या मंडळी नीलिमाबाई. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवी झालेल्या, बोलायला धीट. पण नवरा शाळेचा पगार घेतो. त्या हसून म्हणाल्या, माझ्या शिक्षणापेक्षा यांचा पगार जड झाला बघा. डॉक्टरांच्या घरी गेल्या तर कळलं, ती मंडळी बदलापूरला राहायला गेली, म्हणजे हद्दीबाहेर. वखारवाल्यांची सून शिकलेली होती, पण शाळेची बाकं तिच्या नवऱ्यानेच आपल्या नावावर विकलेली. शिवाय ती सासऱ्याविरुद्ध मत देणार नाही हे वृंदाबाई जाणून होत्या. बनूबाई म्हणून एक बाई फार समजूतदार होत्या, पण त्यांना सहीपुरतंच येत होतं. त्या स्वतःच म्हणाल्या, मी तिथे कागद उलटा धरीन.

देवळात सोमवारी पोथी व्हायची तेव्हा वृंदाबाईंचा घसा बसला की एक जण पुढे होऊन वाचायची. बोट ठेवून, अडखळत, पण अर्थ न सोडता. ती गोजरबाई. पालेगावात रात्रीच्या साक्षरतेच्या वर्गाला नवऱ्याशी भांडून गेलेली, आणि वर्ग बंद पडल्यावरही वाचायचं न सोडलेली. हद्दीतली होती, तिशी उलटलेली होती, शाळेशी देण्याघेण्याचा संबंध नव्हता. फक्त ती हिंदुरावची बायको होती. त्याच हिंदुरावची.

वृंदाबाई शेतांच्या बांधावरून पालेगावला गेल्या. भात कापून झालेलं, वालाचा हिरवा वास सगळीकडे. गोजरबाई अंगणात वालाच्या शेंगा सोलत होती. तुळशीपुढे ते सुगड अजून होतं. हिंदुराव ते फोडायला निघाला होता, हिने फोडू दिलं नव्हतं. म्हणाली, भांडन तुजं घड्याशी, माज्या तिळगुळाशी कशाला.

वृंदाबाई शेजारी बसून शेंगा सोलू लागल्या आणि आल्या कामाचं बोलल्या. गोजरबाईने आधी ऐकून घेतलं. मग म्हणाली, मी तिथं काय बोलू, शिकल्यासवरल्या मानसांत. वृंदाबाई म्हणाल्या, दोन वर्षं मी बोलले, आता बोलायचं काही उरलेलं नाही. मत द्यायचंय.

"आनि आमचे मालक त्या पाटलाच्या शिडीपाठी फिरतात ते?"

धर्मराज पाटलांची निशाणी शिडी होती. "त्यांनी फिरावं," वृंदाबाई म्हणाल्या. "नियम सभासदाला आहे, सभासदाच्या नवऱ्याला नाही. पण तुला फिरता यायचं नाही. बायकांमधे तू जातेस ना त्यांच्यासाठी?"

जात होती. दोन वाड्या तिच्याच बोलण्याने शिडीकडे झुकल्या होत्या आणि हिंदुरावला ते ठाऊक होतं. गोजरबाईने हातातली शेंग तशीच धरून ठेवली. तिची मुलगी विठा तिसरीत होती, उन्हाळ्यानंतर चौथीत जायची. जायची म्हणजे जायची नव्हती. गोजरबाईनेच तिला पावसाळ्यात घरी ठेवायचं ठरवलं होतं. पोर सकाळी शाळेत जाताना पाणी पीत नाही, आल्यावर लोटाभर पिते, हे तिने पाहिलं होतं.

"तुमी म्हंता त्या आडोशाला दार ऱ्हाईल?"

"राहील. आतून कडीचं."

गोजरबाईने शेंग सोलून दाणे सुपात टाकले. "शिडी त्याची त्याला चढू दे," ती म्हणाली.

सोमवारी सभा भरली. वृंदाबाईंनी उपासाची पूजा आटोपली आणि त्या शाळेच्या पडवीत येऊन बसल्या. आत बसायचा हक्क त्यांना उरला नव्हता. खिडकी उघडी होती. हिंदुराव बाहेर चिंचेखाली उभा होता. बायकोने त्याला घरी काय सांगितलं होतं देव जाणे, पण चेहरा तापलेला होता. त्याचीच तक्रार, त्याचाच विजय, आणि खुर्ची मिळत होती बायकोला. त्याला रागावावं की मिरवावं ते समजत नव्हतं.

आत राजीनामा वाचून झाला. गोजरबाईचं नाव बुधाजींनी सुचवलं. वखारवाल्यांनी विचारलं, वाचता येतं याला पुरावा काय. चिंतामणरावांनी नियमांची पुस्तिका तिच्यापुढे उघडून ठेवली आणि एका ठिकाणी बोट ठेवलं.

गोजरबाईने आपलं बोट त्यांच्या बोटाच्या जागी ठेवलं. सावकाश, एकेक शब्द मोकळा करत तिने वाचलं, की सभासदाने कोणत्याही उमेदवाराचा, कोणत्याही प्रकारे, प्रचार करू नये. तिथे थांबून तिने वर पाहिलं.

"म्हंजे शिडीचाबी नाय?"

"शिडीचाही नाही," चिंतामणराव म्हणाले.

तिने खिडकीबाहेर चिंचेकडे एकदा पाहिलं. "बरं," म्हणाली आणि पुढची ओळ वाचली. चिंतामणरावांनी पुस्तिका मिटली आणि नाव मंजूर असं लिहून घेतलं.

आडोशाला तीन मतं पडली, कुंपणाला दोन. चिंतामणरावांनी ठराव आपल्या हाताने लिहिला आणि दाराला आतून कडी असावी, हे शब्द गोजरबाईच्या सांगण्यावरून घातले. बाहेर येताना ते पडवीत क्षणभर थांबले. गुरं अजून आत येतील, एवढं म्हणून छत्री उघडून निघून गेले. हिंदुराव चिंचेखालून हलला आणि बायकोच्या पुढे चार पावलं चालत पालेगावच्या वाटेला लागला. ती मागून आपल्या चालीने चालली होती.

राजीनाम्यात दिराचं नाव नव्हतं, पण गावाला समजायचं ते समजलं. लोक श्यामकांतांना रस्त्यात विचारू लागले, काय हो, यंदा सुगडं स्वस्त झाली वाटतं. निवडणुकीला अजून दिवस होते आणि ते निवडून येतील की नाही हे कोणाला सांगता येत नव्हतं. त्यांनी वहिनींच्या घरी येणं मात्र बंद केलं. सुहासिनीबाई विहिरीवर भेटल्या तर घागर भरून सरळ निघत. दोन घरांचं अंतर, पण आठवडाभर त्या वाटेने एक वाटीसुद्धा इकडची तिकडे गेली नाही. दिनानाथ संध्याकाळी ओटीवर बसत तेव्हा भावाच्या घराकडे तोंड करून बसत.

पुढच्या मंगळवारी सकाळी वृंदाबाईंनी अर्धवट राहिलेली समई पुन्हा काढली. चिंच नव्याने भिजवली, राखेने बैठक घासली, काळं निघाल्यावर कोमट पाण्याने धुतली, पुसली आणि देवापुढे ठेवली. वात घातली. रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे दिवस असतात. घरचं हळदीकुंकू अजून व्हायचं होतं, आणि घरच्या हळदीकुंकवाला पहिलं बोलावणं थोरल्या जावेने धाकटीला करायचं ही त्या घरची रीत होती. सासूबाई होत्या तेव्हापासूनची.

त्यांनी कुंकवाचा करंडा उघडून पाहिला. कुंकू होतं. हळद थोडी कमी होती ती भरली. लुगड्याच्या निऱ्या सारख्या केल्या, करंडा हातात घेतला आणि पायात वहाणा घातल्या. आता सुहासिनीकडे बोलावणं करायला जायचं होतं.